तनखे गेले, सोयरिकी राहिल्या



जयंतीच्या तयारीची बैठक होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचे गाव. नाव देत नाही, कारण असे गाव तुमच्याही जिल्ह्यात आहे. समाजमंदिरात चाळीसेक पोरं, चार-पाच ज्येष्ठ, मागे भिंतीला टेकून महिला मंडळ. प्रमुख पाहुणा कोण, यावर चर्चा चालू होती. एक तरुण कार्यकर्ता उठला. शिकलेला, शिबिरांना येणारा, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला. म्हणाला, "राजेंना बोलवू. स्टेजचा आन् साउंडचा खर्च वाड्यावरनं सुटतो. परत आपला वॉर्ड राखीव पडलाय, तिकिटाचं पण बघायचंय."

कोपऱ्यातले एक म्हातारे तात्या एवढेच बोलले, "माझा आज्जा वाड्यात जाताना पायतान हातात घ्यायचा. तू मोटारसायकलीवर जाशील. तेवढाच फरक पडला म्हणायचा."

कुणी उत्तर दिले नाही. निमंत्रण गेले. राजे आले, नारळ फुटला, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून वीस मिनिटांत गेले. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि आम्हीही गप्प बसलो. तेव्हा जे बोलायला हवे होते, ते आता लिहीत आहोत.

प्रश्न त्या एका पोराचा नाही. १९५० पासून या देशात एकही राजा नाही. तरीही आपल्या तालुक्यात 'राजे' म्हटल्यावर कोण, हे सांगावे लागत नाही. असे का? लोक अडाणी आहेत म्हणून? लोकांना गुलामीची सवय आहे म्हणून? ही उत्तरे सोपी आहेत आणि चुकीची आहेत. आमचे म्हणणे असे आहे की राजेशाहीचे सगळे खांब कायद्याने पाडले, पण एक खांब तसाच उभा राहिला. तो खांब म्हणजे लग्नाच्या मांडवाचा.

कायद्याने काय गेले?

आधी हिशेब मांडू. १९४८ मध्ये दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ मध्ये कोल्हापूर आणि बडोदा. राज्य गेले, पण तनखा राहिला. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली. पुढे तनखेही बंद करायचे ठरले, तेव्हा ते विधेयक १९७० मध्ये राज्यसभेत अगदी थोडक्यात पडले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढली, तर सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्या खटल्यातले एक अर्जदार होते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. शेवटी १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि राजांची मान्यता दोन्ही गेले. आणि त्याच १९७१ मध्ये माधवराव गुना मतदारसंघातून लोकसभेत गेले होते. तनखा गेला त्या वर्षी खासदारकी आली.

खालच्या पातळीवरही असेच झाले. १९५० च्या कायद्याने देशमुख-देशपांड्यांची परगणा वतने गेली. १९६२ च्या कायद्याने पाटलांचे वंशपरंपरागत पद गेले. आणि १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावची 'कनिष्ठ' वतने गेली. हा 'कनिष्ठ' शब्द आमचा नाही, कायद्याच्या नावातच तो आहे.

महार वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. वतन म्हणजे भाकरीच्या तुकड्यासाठी पिढ्यान् पिढ्यांची वेठ, हे त्यांनी ओळखले होते. त्यासाठी आणखी तीस वर्षे गेली.

आता बघा. पाटलाचेही वतन गेले आणि महाराचेही गेले. कायदा दोघांना सारखाच लागला. मग पाटलाचा नातू साखर कारखान्याचा चेअरमन झाला आणि महाराचा नातू त्याच कारखान्याच्या ऊसतोडीला गेला, हे कसे? जमीन हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर नात्यात आहे. पाटलाचे वतन गेले तेव्हा त्याच्याकडे दुसऱ्या पाटलाशी, देशमुखाशी, सरदाराशी असलेली सोयरीक शिल्लक होती. कारखान्याचे भागभांडवल, जिल्हा बँकेचे कर्ज, शिक्षणसंस्थेची मान्यता, पक्षाचे तिकीट हे सगळे त्या सोयरिकीच्या वाटेने आले. महाराचे वतन गेले तेव्हा त्याला व्याही होता, पण व्याहीही त्याच्यासारखाच वेठीतून सुटलेला. सोयरीक दोघांकडे होती. एकाच्या सोयरिकीला सत्ता चिकटलेली होती, दुसऱ्याच्या सोयरिकीला फक्त माणुसकी.

मांडवात काय राहिले?

जात कशावर उभी आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात सांगितले, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांचा मुद्दा असा की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. गोत्राबाहेर लग्न करण्याची जुनी रीत होती, तिच्यावर जातीच्या आत लग्न करण्याचे कुंपण घातले आणि जात तयार झाली. आपण हे वाचतो, भाषणात सांगतो, पण ते फक्त विटाळाच्या आणि भेदभावाच्या संदर्भात लावतो. तेच कुंपण आमदारकीला लावून बघा.

शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या. त्यांची मुलगी सखुबाई परत त्याच निंबाळकरांच्या घरात, मामाच्या घरी दिली. तेव्हाच्या सत्ताकारणात ही साधी रीत होती. तह कागदावर होतो, भरवसा मात्र मुलगी देऊन होतो. इतिहास म्हणून यात वावगे काही नाही. प्रश्न हा की साडेतीनशे वर्षांनंतर, प्रौढ मतदानाच्या राज्यातही तीच रीत चालू आहे का?

ग्वाल्हेरचे शिंदे बघा. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. माधवरावांची पत्नी नेपाळच्या राणा घराण्यातली. एक बहीण त्रिपुराच्या राजघराण्यात, दुसरी नेपाळच्या राणांकडे, तिसरी वसुंधराराजे धोलपूरला. माधवरावांची मुलगी काश्मीरच्या करणसिंहांची सून, मुलगा ज्योतिरादित्य बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा जावई. आई विजयाराजे जनसंघ-भाजपात, मुलगा काँग्रेसमध्ये, मुली भाजपात, नातू आधी काँग्रेसमध्ये आणि २०२० पासून भाजपात. देशात सरकार कुणाचेही येवो, त्या घराच्या जेवणाच्या पंगतीत सत्ताधारी पक्षाचा एक तरी माणूस बसलेला असतो.

तालुक्यात याचीच छोटी आवृत्ती असते. कायद्याने कारखाना वेगळा, जिल्हा बँक वेगळी, बाजार समिती वेगळी, शिक्षणसंस्था वेगळी, पंचायत समिती वेगळी. प्रत्येकाची निवडणूक वेगळी, घटना वेगळी, लेखापरीक्षण वेगळे. पण चेअरमनचा मेव्हणा बँकेचा संचालक, त्याचा साडू शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, आणि विरोधी पक्षाचा तालुकाध्यक्ष त्याचाच चुलतभाऊ. जे कायद्याने वेगळे ठेवले ते लग्नाने एकत्र आणले. आपण रागाने एका भावाला पाडतो आणि दुसऱ्या भावाला निवडून देतो. त्याला सत्तांतर म्हणतो. सत्ता माडीवरून ओसरीवर येते, वाड्याबाहेर पडत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्याच्या राजकारणाचा अभ्यास करून १९७४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. वतनदार मराठे आणि बाकीचे मराठे यांतला फरक, आणि वतनदारांची सोयरीक व त्यांच्या राजकीय युत्या हा त्यांचा विषय होता. एम.ए.ला असताना आम्ही ते वाचले तेव्हा नवल एका गोष्टीचे वाटले. परदेशी माणसाला जे संशोधनाचा विषय वाटले, ते आमच्या आजीला तोंडपाठ होते. अमक्याची लेक तमक्याला दिली म्हणजे यंदा सभापती कोण होणार, हे ती लग्नपत्रिका बघून सांगायची. पत्रिका आमच्या घरी आमंत्रणाची नसायची, गावात वाटून उरलेली असायची, हा भाग वेगळा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सगळे मराठे म्हणजे वाडा नव्हे. दोन एकर कोरडवाहू असणाऱ्या, कर्जात बुडालेल्या कुणब्या-मराठ्याला वाडा मुलगी देत नाही. कुळी बघितली जाते, शहाण्णव कुळीतही वरची-खालची बघितली जाते. त्याला मिळतो तो फक्त 'आपला माणूस' हा शब्द. त्या शब्दावर तो मत देतो आणि आपल्यावर चिडतो. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा त्याला हे विचारले पाहिजे की बाबा रे, आपला माणूस तुझ्या पोरीला सून करून घेईल का?

पडले तरी पडत नाहीत

"पण ते निवडून येतात. लोकांनी मते दिली, ही लोकशाहीच झाली," असे आमचे मित्र म्हणतात. ठीक आहे. मग लोकांनी पाडले तेव्हा काय झाले ते बघू.

२०१९ च्या लोकसभेत ज्योतिरादित्य शिंदे गुना मतदारसंघात पडले. पाडले कुणी? एकेकाळी त्यांच्याच गोटात असलेल्या के. पी. यादव यांनी. राजघराण्याच्या बालेकिल्ल्यात एका मागासवर्गीय कार्यकर्त्याने राजाला हरवले. लोकशाहीचा याहून मोठा विजय कोणता? पुढे ऐका. २०२० मध्ये शिंदे पक्ष बदलून राज्यसभेत गेले, २०२१ मध्ये केंद्रात मंत्री झाले, आणि २०२४ मध्ये त्याच गुन्यातून तिकीट शिंद्यांना मिळाले. ज्याने हरवले त्याला नाही, जो हरला त्याला.

साताऱ्यातही तेच. उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रवादीकडून निवडून आले, काही महिन्यांत राजीनामा देऊन भाजपात गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून पडले. लोकांनी स्पष्ट सांगितले की गादीचा मान वेगळा आणि मत वेगळे. पण पुढच्याच वर्षी ते राज्यसभेत होते, आणि २०२४ ला परत लोकसभेत.

म्हणजे लोक अडाणी नाहीत. संधी मिळाली की लोक राजाला पाडतात. पण आपल्यातला एखादा कार्यकर्ता पडला की तो दुसऱ्या दिवशी रोजगार शोधतो. घराण्याचा माणूस पडला की त्याच्या खाली जाळे असते. पक्षाला त्याची गरज असते, कारण त्याच्या एका माणसाबरोबर दहा घरांची सोयरीक येते. मतदार एक व्यक्ती पाडतो, जाळे पाडू शकत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले होते की राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात मात्र विषमता, या विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. ती विसंगती म्हणजे काय, हे डोळ्यांनी बघायचे असेल तर गुना आणि सातारा बघा.

राखीव जागा आणि वाडा

आता आपल्या जिव्हारी लागणारा मुद्दा.

फलटण विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्याआधी १९९५ पासून तिथले आमदार होते रामराजे नाईक-निंबाळकर. जागा राखीव झाली आणि ते विधान परिषदेत गेले, पुढे २०१५ ते २०२२ परिषदेचे सभापती झाले. दुसरीकडे त्याच आडनावाचे रणजितसिंह २०१९ मध्ये माढ्यातून खासदार झाले. २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. उमेदवार अनुसूचित जातीचे होते, कारण कायदाच तसा होता. पण चर्चा कुणाची होती? रामराजे गट विरुद्ध रणजितसिंह गट. उमेदवारी अर्जावर नाव आपल्या माणसाचे आणि लढाई दोन नाईक-निंबाळकरांची. हा आरोप आम्ही कुणा एका आमदारावर करत नाही. तो माणूस चांगला असेल, कामे करत असेल. प्रश्न रचनेचा आहे. ज्या मतदारसंघात ज्याच्या समाजाची मते थोडी, तिथे त्याला निवडून आणण्याची किल्ली बहुसंख्याकांच्या नेत्याकडे राहते. आणि बहुसंख्याकांचा नेता ठरतो सोयरिकीने.

बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते ते याचसाठी. पुणे करारात जागा वाढल्या, पण निवडणारा हात बदलला. आपला प्रतिनिधी कोण, हे आपल्या मतांनी ठरण्याऐवजी दुसऱ्यांच्या मतांनी ठरू लागले. वाडा हे त्या दुसऱ्यांच्या मतांचे गोदाम आहे.

आदिवासी भागातही घराण्याचा प्रश्न आहे, फक्त त्याचे रूप वेगळे आहे. गडचिरोलीतला अहेरी मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. २०२४ ला तिथे आत्राम राजघराण्यातले धर्मरावबाबा, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव तिघेही एकमेकांविरुद्ध उभे होते. धर्मरावबाबा जिंकले. तिथे राजाही आदिवासी आणि रयतही आदिवासी. त्यामुळे फलटणचा हिशेब तिथे जसाच्या तसा लागत नाही, आणि बाहेरून जाऊन आदिवासी बांधवांना शहाणपण शिकवण्याचा आमचा हेतूही नाही. पण आरक्षणाने जातीचे किंवा जमातीचे दार उघडले तरी आत घराण्याचे दुसरे दार असते, एवढे यातून दिसते.

आता त्या बैठकीतल्या पोराकडे परत येऊ. वॉर्ड राखीव पडला आणि त्याला पहिला विचार वाड्याचा आला. त्याचे चुकले कुठे? तो वास्तव बोलत होता. वाड्याच्या होकाराशिवाय आपला माणूस पडतो, हे त्याने तीन निवडणुकांत बघितले आहे. म्हणून त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण त्याला एक प्रश्न विचारला पाहिजे. वाड्यावर तुला काय म्हणतात? "आमची लेकरं" म्हणतात. मायबाप, लेकरं, धाकटे भाऊ ही सगळी नाती वाडा आपल्याला तोंडाने देतो. पण मित्रा, लेकरू म्हणणारा वाडा तुला जावई म्हणेल का?

म्हणत नाही. आणि गावात कुणा पोराने तसे व्हायचे धाडस केले तर काय होते, तेही आपल्याला माहीत आहे. २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात आपल्या समाजाच्या एका शाळकरी मुलाचा जीव गेला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलण्याचा संशय, एवढे कारण पुरले. साक्षीदार फुटले, २०१७ मध्ये खालच्या कोर्टातून आरोपी सुटले. 'सैराट' चित्रपटात आर्चीचा बाप तालुक्याचा पुढारी दाखवला आहे, हा योगायोग नाही. अशा खुनांना 'प्रतिष्ठेसाठी' म्हणतात. आम्ही म्हणतो, त्या प्रतिष्ठेचा बाजारभाव असतो. मुलीचे लग्न हा सत्तेचा करार असेल, तर मुलीने मनाने केलेले लग्न हा त्या करारावरचा हल्ला ठरतो. म्हणून मुलीवर पहारा आणि पोरावर कोयता. हिंदू कोड बिलातून बाबासाहेबांना मुलीला वाटा आणि बाईला घटस्फोटाचा हक्क द्यायचा होता. त्याला एवढा विरोध का झाला आणि १९५१ मध्ये त्यांना मंत्रिपद का सोडावे लागले, हे धर्माच्या भाषेत समजत नाही, घराण्याच्या भाषेत समजते.

रक्त की कागद?

घराणेशाहीचे समर्थक शेवटी रक्तावर येतात. "रक्तातच असते हो ते." तर रक्ताचेही बघू.

बडोद्याचे सयाजीराव हे मूळचे कवळाणे गावचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक गेले. राजर्षी शाहू हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक गेले. १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आलेले शहाजी हे देवासच्या पवार घराण्यातले, आणि त्यांच्यानंतरही दत्तकच. उलट बाजूने, १८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे दत्तक नाकारले आणि राज्य खालसा केले. म्हणजे वारस कोण हे रक्ताने ठरत नव्हते, सरकारी मान्यतेच्या कागदाने ठरत होते. फ्रेंच अभ्यासक क्लॉद लेव्ही-स्ट्रॉस याने 'घर' या संस्थेबद्दल नेमके हेच मांडले आहे. घर म्हणजे मालमत्ता, नाव आणि मान यांची एक गाठोडी. ती पुढे नेण्यासाठी नाते खरे असो की मानलेले, चालते.

२०२४ च्या प्रचारात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींवर 'दत्तक आहेत, खरे वारस नाहीत' अशी टीका झाली. आपल्यातल्या काहींनी ती आवडीने पुढे पाठवली. हे चूक आहे. 'खरा वारस कोण' हा प्रश्नच मनूचा आहे. आपला प्रश्न वेगळा आहे: लोकशाहीत वारस लागतोच कशाला?

"मग शाहू महाराजही राजेच होते, सयाजीरावही राजेच होते. त्यांना का मानता?" हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारला जातो. उत्तर सोपे आहे. शाहू महाराजांना आपण राजे होते म्हणून मानत नाही, राजेपण त्यांनी जन्माच्या मिरासदारीविरुद्ध वापरले म्हणून मानतो. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या. महार वतन त्यांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात रद्द केले, मुंबई राज्याच्या कायद्याच्या चाळीस वर्षे आधी. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी लोकांना सांगितले की तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे, आणि तो पुढारी त्यांच्या वाड्यातला नव्हता. आंतरजातीय लग्नाला त्यांनी कायद्याचा आधार दिला, म्हणजे थेट मांडवाच्या खांबालाच हात घातला. आज त्यांचे नाव घेणाऱ्या किती घराण्यांनी त्या खांबाला हात लावला?

आणि राजाच्या चांगुलपणाची हद्दही बाबासाहेबांनी भोगली आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये त्याच राजाच्या नोकरीत बडोद्याला परतले, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. राजा चांगला होता, पण राजाच्या चांगुलपणाने शहर बदलले नाही. म्हणून बाबासाहेबांनी चांगला राजा शोधला नाही, संविधान लिहिले.

आपल्या घरात

हे सगळे दुसऱ्यांना सांगणे सोपे आहे. आता आपल्याकडे बोट वळवू.

आपल्या किती संघटनांत जिल्हाध्यक्षाचा मुलगा युवा अध्यक्ष आहे? संस्थेचे वसतिगृह, पतसंस्था, शाळा संस्थापकाच्या घराबाहेर कधी गेली आहे? रिपब्लिकन पक्षाचे गट पडले त्याला आपण विचारांचे मतभेद म्हणतो. त्यातले किती गट खरेच विचारांचे आणि किती घरांचे? बाबासाहेबांच्या कुटुंबाबद्दल आपल्याला आदर आहे आणि तो राहील. पण आदर म्हणजे मत नव्हे. आडनाव कोणतेही असो, नेत्याला भूमिका विचारण्याचा हक्क कार्यकर्त्याने सोडला की तिथेही गादी तयार होते. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी त्याच १९४९ च्या भाषणात सांगून ठेवले आहे, आणि त्यातून त्यांनी स्वतःलाही सूट दिलेली नाही.

आणि लग्ने? १९१६ च्या त्याच निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की खालचे वरच्यांची नक्कल करतात आणि जात पसरते. आपले वधू-वर मेळावे बघा. धम्म स्वीकारून इतकी वर्षे झाली, तरी पूर्वाश्रमीची पोटजात विचारणारे आहेत. बौद्ध मुलगी मातंग किंवा चर्मकार घरात दिली तर कुजबूज करणारे आहेत. नोकरदार घरे नोकरदार घरांशीच जुळतात. वाड्याच्या सोयरिकीला नावे ठेवणारे आपण घरात त्याच सोयरिकीची छोटी प्रत काढतो.

बुद्धाच्या चरित्रातल्या दोन गोष्टी आठवतात. शाक्य राजपुत्र संघात यायला निघाले, त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. तसेच झाले. दुसरी गोष्ट राहुलची. तो बापाकडे वारसा मागायला आला, तर बुद्धाने त्याला राज्याचा हिस्सा दिला नाही, दीक्षा दिली. बाबासाहेबांनीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना दिला तो वारसा दीक्षेचाच होता. त्याला जन्म लागत नाही, म्हणूनच तो कुणा एका घरात बंद होत नाही.

मग करायचे काय?

भाषण पुरे. कामे सांगतो, कुणालाही करता येतील अशी.

एक. आपल्या तालुक्याचा सोयरिकीचा नकाशा काढा. कागदावर कारखाना, बँक, बाजार समिती, शिक्षणसंस्था, नगरपालिका, सगळ्या पक्षांचे पदाधिकारी लिहा आणि कोण कुणाचा कोण, त्या रेषा ओढा. शिबिरात दोन तासांत होतो. आजी-आजोबांना विचारा, त्यांना सगळे माहीत असते. हा नकाशा बघितल्यावर 'सत्तांतर' या शब्दावर पोरं आपोआप हसतात.

दोन. जयंतीचा खर्च वर्गणीतून करा. साउंड छोटा लागला तर छोटा लावा. ज्याचा स्टेज त्याचा माईक, हे विसरू नका.

तीन. संविधानाने काढलेले शब्द तोंडातून काढा. आमदार असेल तर आमदार म्हणा, खासदार असेल तर खासदार. अपमान करू नका. साहेब म्हणा, नाव घ्या. पण 'राजे' आणि 'महाराज' ही पदे आता नाहीत.

चार. राखीव जागेचा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला वस्तीत बोलावून सगळ्यांसमोर विचारा: महार वतनाच्या जमिनींचे काय करणार? अत्याचाराच्या गुन्ह्यात फिर्यादीबरोबर पोलीस ठाण्यात येणार का, आणि आरोपी वाड्याचा पाहुणा असेल तरी येणार का? उत्तर लिहून घ्या.

पाच. गरीब मराठा, धनगर, माळी, मुस्लिम पोरांना या चर्चेत घ्या. वाड्याच्या मांडवाबाहेर फक्त आपण नाही, ते सगळे आहेत.

सहा. आपल्या संघटनेत एका घरात एकच पद, आणि आपल्या घरात जात न विचारता लग्न. हे सहावे जमले नाही तर आधीची पाच विसरा.

आम्ही त्या बैठकीत गप्प बसलो होतो. पुढच्या बैठकीला पावतीपुस्तक घेऊन जाणार आहोत. पहिली पावती तात्यांच्या नावाने फाडू. प्रमुख पाहुणी म्हणून मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या बायांपैकी एकीचे नाव सुचवू. वॉर्ड कदाचित जाईल. जाऊ दे. वाड्याच्या चिठ्ठीवर आलेला वॉर्ड आपला कधी होता?

जयभीम! नमो बुद्धाय!